जिथे ठिपका नाही तिथे काय आहे? शेकरूच्या जंगलात लेसर स्कॅनर घेऊन

शेकरूचं घरटं शोधायचं तर मान वर करून चालावं लागतं आणि भीमाशंकरच्या जंगलात मान वर करून चाललं की पाय कुठल्यातरी मुळीत नाहीतर कारवीत अडकतोच, त्यामुळे पहिले दोन महिने माझं काम म्हणजे दहा पावलं चालायची, थांबायचं, वर बघायचं, परत दहा पावलं. घरटं म्हणजे काटक्या आणि पानांचा मोठा गोळा, फुटबॉलपेक्षा बराच मोठा, शेंड्याकडे बारीक फांद्यांच्या बेचक्यात. एकच शेकरू अशी बरीच घरटी बांधून ठेवतो, म्हणून घरटी मोजली म्हणजे शेकरू मोजले असं होत नाही. मला मोजायची नव्हतीच. मला बघायचं होतं की तो घरट्यासाठी झाड कसं निवडतो, आणि त्याहीपेक्षा त्या झाडापर्यंत तो येतो कुठून.

कारण शेकरू खाली उतरत नाही, म्हणजे क्वचितच उतरतो. त्याचं सगळं आयुष्य वर, एका झाडावरून दुसऱ्या झाडावर, सहाएक मीटरची उडी तो सहज मारतो पण रोजच्या वाटा त्याच्या ठरलेल्या असतात, ह्या फांदीवरून त्या फांदीवर, आणि ती फांदी तुटली की ती वाट बंद. राज्यप्राणी आहे, भीमाशंकर अभयारण्य १९८५ साली मुख्यतः त्याच्यासाठी जाहीर झालं, १३० चौरस किलोमीटरच्या आसपास क्षेत्र आहे, हे सगळं आपल्याला माहीत असतं. पण नकाशावर ते जंगल म्हणजे एक हिरवा डाग. सरकारी वनअहवालात ७० टक्क्यांच्या वर छत्र (झाडांच्या शेंड्या-फांद्यांनी झाकलेली जागा) असलं की 'अतिघन', ४० ते ७० 'मध्यम घन', १० ते ४० 'विरळ'. हे वर्गीकरण ज्या कामासाठी केलंय त्यासाठी ठीकच आहे, पण शेकरूला टक्के कळत नाहीत. ७० टक्के छत्र असूनही मधल्या ३० टक्क्यांत एक सलग फट असेल तर त्याच्यासाठी ती दोन वेगळी जंगलं झाली.

जंगलाची रचना आणि प्राणी यांचा संबंध मोजायचा ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेत रॉबर्ट आणि जॉन मॅकआर्थर या भावांनी १९६१ साली दाखवलं की एखाद्या जंगलात पक्ष्यांची विविधता किती असेल हे झाडांच्या जाती किती यापेक्षा पानं किती उंचीवर कशी पसरली आहेत यावरून जास्त चांगलं सांगता येतं. आणि त्यांनी ते मोजलं कसं, तर एक पांढरी फळी घेऊन एकाने लांब लांब जायचं आणि पानांनी ती अर्धी झाकली गेली की अंतर मोजायचं. वेगवेगळ्या उंचीवर. मला हे वाचून फार आनंद झाला होता, कारण लेसर स्कॅनर जे करतो ते मुळात हेच आहे, फळीच्या जागी प्रकाश आहे एवढंच. लेसरची एक अगदी छोटी पल्स सोडायची, ती पानावर आपटून परत यायला किती वेळ लागला ते मोजायचं, प्रकाश एका नॅनोसेकंदात साधारण ३० सेंटीमीटर जातो म्हणजे जाऊन येऊन १५ सेंटीमीटर, अशा लाखो पल्स सगळ्या दिशांना सोडल्या की प्रत्येकीचा एक ठिपका मिळतो आणि सगळे ठिपके मिळून झाड उभं राहतं. यालाच लायडार म्हणतात. जवळच्या इन्फ्रारेडमध्ये हिरवं पान खूप प्रकाश परत फेकतं, म्हणून जंगलासाठी बरीच यंत्रं ९०५ किंवा १०६४ नॅनोमीटरच्या आसपासचा लेसर वापरतात.

आमच्या गाइड मॅडमनी २०१७ चा एक पेपर दिला होता, बोर्निओमधल्या सबा राज्यातला, किनाबातांगान नदीकाठच्या तोडलेल्या-वाढलेल्या जंगलात विमानातून लायडार करून ओरांगउटान कुठून फिरतात ते बघितलेलं, आणि ते सलग, उंच, एकसारख्या छत्रातून जाणं पसंत करतात असं त्यात निघालं. ते वाचून मी ठरवलं की शेकरूचं असं करायचंच. विमान आपल्याकडे कुठून येणार, पण फुकटात मिळणारं एक होतं.

जेडाय नावाचं नासाचं उपकरण, डिसेंबर २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर नेलं आणि तिथे बाहेरच्या बाजूला बसवलं, मेरीलँड विद्यापीठाचे राल्फ दुबाया त्याचे प्रमुख. ते वरून लेसर सोडतं, जमिनीवर प्रत्येक पल्सचा २५ मीटर व्यासाचा गोल पडतो, एका ओळीत दर ६० मीटरला एक गोल, आणि ओळी एकमेकींपासून ६०० मीटरवर. म्हणजे फोटोसारखं सगळं जंगल मिळत नाही, गोलांच्या माळा मिळतात. पण प्रत्येक गोलात पूर्ण उभा छेद मिळतो, शेंड्यापासून जमिनीपर्यंत कुठल्या उंचीवरून किती प्रकाश परत आला. मार्च २०२३ मध्ये ते बाजूला काढून ठेवलं होतं आणि एप्रिल २०२४ मध्ये परत चालू केलं.

डेटा डाउनलोड केला, अभयारण्याच्या हद्दीने कापला, खराब शॉट काढून टाकले. जून ते सप्टेंबरचे जवळजवळ सगळेच गेले कारण पावसाळ्यात भीमाशंकर ढगात असतं आणि ढगातून लेसर जात नाही. दिवसाचे काढले, कारण उन्हाचा गोंगाट असतो. दाट झाडीतून जमिनीपर्यंत पोचण्याइतकी ताकद नसलेल्या बीमचे काढले. उरलेल्यातले काही गोल माझ्या घरट्यांच्या झाडांच्या जवळ पडत होते, मी फार खूश, आणि उंची बघते तर २६ मीटर. आता ज्याने भीमाशंकर पाहिलंय त्याला माहितीय की माथ्याकडच्या त्या सदाहरित रानात, अंजनी, जांभूळ, हिरडा, पिसा, तिथे वाऱ्याने झाडं खुजीच राहतात, मी स्वतः मोजलेली १२-१३ मीटरची होती. मला वाटलं कोड चुकला. दोन दिवस कोड तपासला.

कोड बरोबर होता. चूक उताराची होती. २५ मीटरचा गोल ३० अंशांच्या उतारावर पडला तर गोलाच्या वरच्या कडेची जमीन आणि खालच्या कडेची जमीन यांच्यातच १४ मीटरचा फरक असतो, म्हणजे लेसरला वरच्या कडेच्या झाडाचा शेंडा आणि खालच्या कडेची जमीन एकाच छेदात दिसते, आणि १२ मीटरचं झाड २६ मीटरचं होतं. सह्याद्रीत काम करायचं तर हे आधी समजून घ्यावंच लागतं, सपाट जंगलातले लोक ज्या विश्वासाने ते आकडे वापरतात त्या विश्वासाने आपल्याला नाही वापरता येत. वर गोलाच्या जागेतच दहाएक मीटर इकडेतिकडे होऊ शकतं. मी शेवटी तीव्र उताराचे सगळे गोल टाकून दिले, आणि सपाटीवरचे जे राहिले त्यातून एकूण जंगलाचे थर कसे आहेत याचा अंदाज आला, पण शेकरूची वाट दिसण्याइतकं बारीक ते नाहीच. त्यासाठी जवळ जावं लागणार होतं.

परवानगीची प्रक्रिया थोडक्यात सांगते कारण बरेच जण विचारतात. अभयारण्यात संशोधनासाठी १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली मुख्य वन्यजीव संरक्षकांची परवानगी लागते, त्यांचं ऑफिस नागपूरला. अर्जात प्रत्येक उपकरण लिहा, तिपायी स्कॅनर असेल तर तसं, ड्रोन असेल तर ते वेगळं आणि ठळक, किती दिवस, कुठल्या बीटमध्ये (वनरक्षकाच्या हद्दीत), सोबत कोण. नंतर काही वाढवायचं म्हटलं तर पुन्हा सगळं सुरू. वेळ धरून चाला.

तिपाईवरचा स्कॅनर एका संस्थेकडून दहा दिवसांसाठी मिळाला. नोव्हेंबर. सोबत वाटाड्या म्हणून पायथ्याच्या वाडीतले एक काका, हिरडा गोळा करायला लहानपणापासून ह्याच रानात हिंडलेले. पद्धत अशी की घरट्याच्या झाडाभोवती पाच जागा ठरवायच्या, प्रत्येक जागी स्कॅनर लावून एक फेरी पूर्ण होऊ द्यायची, आणि मध्ये पांढरे गोळे ठेवायचे म्हणजे नंतर पाचही स्कॅन एकमेकांना जुळवता येतात. वारा नको, कारण पान हललं की एका पानाची तीन होतात. माथ्यावर वारा पडतो तो पहाटे, म्हणून आम्ही पहाटे जायचो.

पहाटे धुकं असतं. पहिल्या तीन दिवसांचे स्कॅन रात्री उघडले तर प्रत्येक स्कॅनरच्या जागेभोवती हवेतच ठिपक्यांचा एक गोळा, जणू काही स्कॅनर एखाद्या झुडपात बसवला होता. थेंबांवरून परत आलेला प्रकाश. मी आधी त्याला कारवीची पानं समजले होते कारण उंचीही तीच. मग लक्षात आलं की त्यातल्या एका जागी कारवी नव्हतीच, उघडा कातळ होता. तिन्ही दिवस परत करावे लागले, वेळ बदलून, धुकं हटल्यावर आणि वारा सुटायच्या आधी, साधारण दीड तास मिळतो रोज, तेवढाच.

आणि कारवी. कारवीच्या रानात दीड मीटरवर स्कॅनर लावला की त्याला फक्त कारवी दिसते. मागचं झाड तिच्या सावलीत जातं, त्यावर ठिपकेच पडत नाहीत. स्क्रीनवर ते इतकं स्वच्छ रिकामं दिसतं की वाटतं तिथे मोकळी हवा आहे. काका स्क्रीनकडे बघत होते, त्यांनी बोट ठेवून विचारलं, "ताई, हितं तर जांभूळ हाय की. ह्यात का नाय?" मी म्हटलं लेसर पोचला नाही काका, आणि म्हणताना मला जाणवलं की मी गेले चार दिवस अशाच रिकाम्या जागांना फट धरून मोजत होते.

माझ्या सगळ्या कामाचा कणा हा प्रश्न झाला. शेकरूसाठी महत्त्वाची असते ती फट, झाडांमधली रिकामी जागा, आणि पॉइंट क्लाउडमध्ये, म्हणजे स्कॅनच्या सगळ्या ठिपक्यांच्या ढगात, रिकामी जागा दोन कारणांनी येते, एक म्हणजे तिथे खरंच काही नाही, दुसरं म्हणजे तिथपर्यंत प्रकाश गेलाच नाही. दोन्ही दिसायला सारख्या. आणि लायडारवरची कितीतरी कामं, मी वाचलेली, हा फरक न करताच पुढे जातात, छत्राची उंची काढायची असेल तर चालतंही ते, पण प्राण्याच्या वाटा शोधायच्या तर नाही चालत.

याला उपाय आहे, आणि तो सुंदर आहे. प्रत्येक पल्स कुठून निघाली हे आपल्याला माहीत असतं (स्कॅनरची जागा) आणि कुठे थांबली तेही (ठिपका). म्हणजे मधल्या सगळ्या वाटेवर काही नव्हतं हे पक्कं. मग जंगलाचे छोटे छोटे घन डबे करायचे, व्हॉक्सेल म्हणतात, मी २० सेंटीमीटरचे केले, आणि प्रत्येक डब्याला विचारायचं: तुझ्यात ठिपका आहे का? असेल तर भरलेला. नसेल तर तुझ्यातून एखादी पल्स आरपार गेली का? गेली असेल तर खरंच रिकामा. दोन्ही नसेल तर न पाहिलेला. भरलेला हिरवा, रिकामा पांढरा, न पाहिलेला करडा. एवढं साधं आहे.

फक्त त्यासाठी प्रत्येक ठिपका कुठल्या स्कॅनमधून आला हे माहीत पाहिजे, आणि मी तर पाचही स्कॅन जुळवून एकच फाइल करून ठेवली होती, मूळ प्रोजेक्ट ज्या लॅपटॉपवर होता तो स्कॅनरबरोबर परत गेलेला. त्या आठवड्यात मला झोप लागली नाही. लॅपटॉपवरचं सगळं पुसलं गेलं असतं तर तो पूर्ण हंगाम गेला असता. तिथल्या ताईंनी शोधून मूळ स्कॅन पेन ड्राइव्हवर पाठवले, त्यांचे उपकार मी विसरणार नाही, आणि हे वाचणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून सांगते की मूळ स्कॅन वेगवेगळेच ठेवा, दोन ठिकाणी ठेवा, एकत्र केलेली फाइल म्हणजे डेटा नव्हे.

करडे डबे मोजले तर वरच्या छत्रात फार निघाले. साहजिक आहे, खालून बघतोय, खालची पानं वरची झाकतात. म्हणून पुढच्या फेब्रुवारीत ड्रोन, दोन सकाळी, वनरक्षक सोबत, पुण्याहून आलेला पायलट. ड्रोन वरून ७० मीटरवरून उडतो, त्याची पल्स खाली येईपर्यंत थोडी पसरते, तिचा काही भाग वरच्या पानावर अडतो आणि उरलेला खाली जातो, एका पल्सचे तीनपर्यंत परतावे तो नोंदवतो. उताराप्रमाणे ड्रोनलाही वर-खाली उडवावं लागतं नाहीतर दरीच्या बाजूला ठिपके विरळ होतात. पायलटने ते छान सांभाळलं. मी ड्रोनकडे न बघता झाडाकडे बघत होते, एक शेकरू जांभळाच्या बुंध्याला चिकटून सपाट झाला आणि ड्रोन जाऊन बराच वेळ झाला तरी तसाच, मग तो त्याचा खडखड आवाज काढत राहिला. माझं मत झालं की दोन सकाळी ठीक, पण दर महिन्याला ड्रोन उडवून शेकरूचा अभ्यास करायचा हे बरोबर नाही, ज्याच्यासाठी चाललंय त्यालाच त्रास.

वरचं आणि खालचं एकत्र केल्यावर करडा खूप कमी झाला आणि मग ज्यासाठी एवढं केलं ते दिसायला लागलं. घरट्याची झाडं फक्त उंच आहेत असं नव्हतं. त्यांच्या छत्राला शेजारच्या छत्रांचा हात तीन-चार बाजूंनी लागलेला होता, आणि घरटं बहुतेकदा त्या हात लागण्याच्या जागेजवळ. एका बाजूने कोणी आलं तर दुसऱ्या बाजूने निघता यावं असं काहीतरी, गरुड वरून येतो, बिबट्या खालून चढू शकतो. एक उंच झाड एकटं उभं होतं, चारी बाजूंनी पांढरा, खरा रिकामा, त्याच्यावर घरटं नाही. मी त्या झाडाखाली कितीदा उभी राहून विचार केला होता की इतकं चांगलं झाड सोडलं का असेल.

एक करडी जागा मात्र जाईना. जंगलातून एक जीप जाईल असा कच्चा रस्ता आहे, त्याच्या एका वळणावर दोन्ही बाजूंच्या झाडांमध्ये स्वच्छ पांढरी फट आणि त्या फटीच्या एका कोपऱ्यात, साधारण ७-८ मीटर उंचीवर, करड्या डब्यांचा एक पट्टा. वरून जांभळाचं छत्र झाकतंय, खालून कारवी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना घरटी होती. माझा हिशोब म्हणत होता की हा रस्ता शेकरूला ओलांडता येत नाही, म्हणजे ती दोन वेगळी रानं. पण करडं म्हणजे माहीत नाही, आणि माहीत नाही तिथे मी 'नाही' लिहू शकत नव्हते.

म्हणून काका आणि मी तिथे जाऊन बसलो. पहिली सकाळ काही नाही. दुसरी काही नाही, माकडं. तिसऱ्या दिवशी साडेआठच्या सुमाराला पलीकडच्या अंजनीवर पानं हलली, शेकरू शेंड्याकडून खाली आला, एरवी खाली येत नाहीत म्हणून मी श्वास धरून, तो खाली जांभळाच्या छत्राच्या आत शिरला आणि दिसेनासा झाला. मग काकांनी माझा दंड धरला. गारंबीचा वेल, मनगटाएवढा जाड, पिळा पडलेला, रस्त्याच्या ह्या बाजूच्या झाडावरून त्या बाजूला गेलेला, आणि त्याच्यावरून शेकरू चालत येत होता, उडी नाही, पळणं नाही, शेपूट खाली सोडून सावकाश, मधे एकदा थांबून त्याने पुढचे पाय चाटले. वेलाच्या वरच्या बाजूची साल मधल्या भागात घासून गुळगुळीत झाली होती, दुर्बिणीतून स्पष्ट दिसत होतं. रोजची वाट होती ती. "ह्यो वेल माझ्या बापाच्या वेळेपासनं हाय," काका म्हणाले. मी त्यांना आधी का सांगितलं नाही म्हटलं तर म्हणाले, तुम्ही झाडं इचारली ताई, वेल कुठं इचारला.

आपल्याकडे वेल म्हणजे झाडाला पिळणारा, तोडून टाकायचा, असं जुन्या वनकामात शिकवलेलंच आहे, आणि रस्ता साफ करताना किंवा विजेच्या तारेखालून मोकळं करताना पहिला कोयता वेलावर पडतो. मी त्या वळणाचा जीपीएस, फोटो आणि तीन रंगांचा नकाशा रेंज ऑफिसला नेऊन दिला, रस्त्यावर अजून ज्या पाच ठिकाणी दोन्हीकडची छत्रं एकमेकांना लागतात तीही खुणा करून दिली, आणि लेखी विनंती केली की इथे फांदी-वेल काही तोडायचं झालं तर आधी वर बघा. तिथल्या वनरक्षकांनी नकाशा नीट बघितला आणि पहिला प्रश्न हाच विचारला की हा करडा काय. त्यांना सगळं समजावून सांगितलं, त्यांनी नकाशाच्या कडेला स्वतःच्या हाताने 'करडा – जाऊन पाहणे' असं लिहून ठेवलं.

माझ्या फाइलमध्ये तो वेल आता आहे. लेसरचा एकही ठिपका त्याच्यावर पडलेला नाही, म्हणून मी दोन्ही टोकांच्या जागा टेपने आणि क्लिनोमीटरने (कोन मोजायचं साधन) मोजून हातानेच एक रेघ ओढली, वेगळ्या रंगात, आणि नोंदीत लिहिलं की ही पाहिलेली आहे, स्कॅन केलेली नाही. येत्या डिसेंबरात कारवीच्या वर जाईल असा चार मीटरचा स्टँड मिळतोय, काकांशी तारखा ठरवून झाल्या आहेत, उरलेल्या करड्या जागांची यादी त्यांच्याकडे दिली आहे आणि त्यातल्या दोन ठिकाणी वेल असल्याचं त्यांनी आत्ताच सांगून टाकलं आहे.